जेट्टीवरून आणि खाडीच्या मुखाशी गरवताना: पाणी वाचण्यापासून मासा वर घेण्यापर्यंत

जेट्टीवर नव्याने गरवायला आलेला माणूस सहसा थेट टोकाला जातो आणि जमेल तितक्या लांब गरी फेकतो. मासा मात्र पुष्कळदा त्याच्या पायाखाली, खांबांच्या सावलीत उभा असतो. खाडीच्या मुखाशीही तेच होतं. आमिष भर प्रवाहाच्या मध्यावर पडतं आणि मासा कडेच्या संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो.

या दोन्ही जागा मासे का धरून ठेवतात, याचं उत्तर पाण्याच्या चालीत आहे. मोकळ्या किनाऱ्यावर पाणी पसरून वाहतं. जेट्टीचे खांब त्याला अडवतात, दगडी बांध वळवतो, खाडीचं अरुंद तोंड आवळतं. पाणी असं अडलं-वळलं की त्यासोबत येणारी कोळंबी, बारकी मासळी, खेकड्यांची पिल्लं ठराविक वाटेनं वाहायला लागतात. शिकारी माशाला तेच हवं असतं: स्वतः फार पोहायला लागू नये आणि खाणं समोरून यावं. म्हणून जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागतं, ती रेघ शोधायची. रॉड, रील, आमिष यांचा विचार त्यानंतर.

आधी वेळ ठरवा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या पुढेमागे भांग असतो, तेव्हा चढउतार कमी आणि ओढही कमी.

पाणी सहा तास एकाच गतीनं चढत नाही. साधा हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. म्हणजे भरती-ओहोटीतला फरक तीन मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर चढतं आणि मधल्या दोन तासांत मिळून दीड मीटर. उधाणाच्या दिवशी या मधल्या तासांत अरुंद मुखाशी शिसं तळावर टिकत नाही, दोरी धनुष्यासारखी वाकते आणि मासेही आडोशाला गेलेले असतात. तेव्हा मी मुखाशी गरी टाकत नाही, जेट्टीच्या आडोशाच्या बाजूला जातो. भांगाच्या दिवशी उलट: तेच मधले तास कामाचे, कारण बाकीच्या वेळी पाणी जवळजवळ हलतच नाही.

खाडीच्या मुखाबद्दल एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. भरतीचं कोष्टक पाण्याची उंची सांगतं, प्रवाहाची दिशा सांगत नाही. आतली खाडी मोठी आणि तोंड अरुंद असेल, तर बाहेर समुद्र उतरायला लागल्यावरही आत पाणी शिरत राहतं, कारण आतली पातळी अजून बाहेरच्यापेक्षा खाली असते. त्यामुळे कोष्टकातली पूर्ण भरतीची वेळ आणि प्रवाह फिरण्याची वेळ यांत बराच फरक पडू शकतो. प्रत्येक खाडीचा हा फरक वेगळा. तो काढायला सोपा आहे: तरंगणारं पान किंवा फेस कधी थांबतो आणि कधी उलटा निघतो ते पाहा, वेळ लिहून ठेवा, दोन-तीन वेगवेगळ्या तिथींना पुन्हा पाहा. प्रवाह थांबण्याआधीचा आणि फिरल्यानंतरचा वेळ हा मुखावरचा सर्वांत चांगला वेळ. त्यातही ओहोटी सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास मला जास्त भरवशाचे वाटतात, कारण खाडीच्या उथळ भागात चरायला गेलेली बारकी मासळी पाण्याबरोबर एकाच तोंडातून बाहेर पडते.

पहाट आणि संध्याकाळ यांच्याशी हे तास जुळले तर उत्तमच. रात्री दिवे असलेली जेट्टी वेगळीच जागा होते. उजेडात सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्यामागे बारकी मासळी येते आणि मोठा मासा उजेडाच्या कडेला, अंधारात उभा राहून तिच्यावर झडप घालतो. आमिष दिव्याच्या मधोमध न टाकता उजेड-अंधाराच्या सीमेवरून न्यावं.

रॉड न घेता एक फेरी

नव्या जागी पहिल्यांदा जाल तेव्हा उधाणाच्या पूर्ण ओहोटीला जा आणि काहीही न टाकता फक्त बघा. एरवी पाण्याखाली असलेलं सगळं तेव्हा उघडं पडतं: खाडीची खोल वाट कुठल्या कडेनं जाते, वाळूचा दांडा कुठे संपतो, बांधाचा कुठला दगड सुटून पुढे पडलाय, कुठे जुने दोर आणि फाटकी जाळी अडकलीत. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भरतीला तेच फोटो समोर धरले की पाण्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक भोवरा कशामुळे आहे ते कळतं.

मग वाहत्या पाण्यात पाहा. खांबाच्या पुढच्या बाजूला, जिथे पाणी येऊन आपटतं, तिथे संथ पाण्याची एक छोटी गादी तयार होते. मागच्या बाजूला लांबट भोवरा असतो. मासे दोन्हीकडे उभे राहतात, पण पुढची गादी लोक विसरतात. दगडी बांधाच्या टोकापाशी पाणी वळून मागे येतं, तिथे फेसाची रेघ दिसते. ती रेघ म्हणजेच वर सांगितलेली सीमा. खाडीच्या मुखाशी खोल वाटेचा उतार पाहा, पाण्याचा रंग फिकट हिरव्यावरून गडद होतो तिथे. ओहोटीला मासे मुखाच्या बाहेरच्या बाजूला, वाळूच्या दांड्यामागे थांबतात. भरतीला आतल्या बाजूला, पहिल्या वळणावर. ध्रुवित (पोलराइज्ड) काचेचा चष्मा असेल तर चमक कापली जाते आणि यातलं बरंच काही स्वच्छ दिसतं.

कुठे कोण मिळेल याचाही अंदाज यातून येतो. दगडांच्या फटीत हेकरू आणि तांबोशी, खांबांच्या सावलीत आणि छोट्या ओहोळांच्या तोंडाशी जिताडा, गढूळ पाण्याच्या कडेला रावस, चिखलाच्या खळग्यात शिंगाळा, आणि पृष्ठभागाजवळ बोयीचे थवे. बोय एकाएकी उडायला लागली किंवा पक्षी एकाच जागी सूर मारायला लागले, तर खाली मोठं काहीतरी आहे.

साहित्य

खांबांच्या जेट्टीवर लांब फेक लागत नाही, मासा खांबापासून ओढून काढण्याची ताकद लागते. तिथे ७ ते ८ फुटांचा, जरा कडक रॉड बरा. दगडी बांधावर आणि मुखाशी ९ ते ११ फुटांचा, कारण दोरी समोरच्या दगडांवरून उचलून धरावी लागते. ४००० ते ५००० आकाराचं स्पिनिंग रील दोन्हीकडे चालतं. मुख्य दोरी २५ ते ३० पौंडांची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेली. ती बारीक असल्यामुळे प्रवाहाचा रेटा कमी घेते आणि ताणत नसल्यानं बारीक टोचही हाताला कळते. पण दगडा-खांबांना चिकटलेली कालवं आणि बार्नॅकल (कडक कवचाचे बारके जीव) यांच्या धारेवर ब्रेडेड दोरी क्षणात कापली जाते, म्हणून पुढे किमान एक मीटर ४० ते ५० पौंडांचा जाड तंगूस लीडर म्हणून जोडायचाच. लीडरवरून अधूनमधून नखं फिरवा, खरखर लागली की तेवढा भाग कापून गाठ नवी बांधा.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणावर सुटावी ते ठरवणारी पकड, अंदाजानं लावू नका. दोरीला साधा स्प्रिंगकाटा बांधून ओढून पाहा आणि दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला ती सुटू द्या. १२ किलोची दोरी असेल तर ३ किलोवर.

एक वस्तू नवखे लोक नेत नाहीत आणि तीच सर्वांत जास्त लागते: दोराला बांधलेली गोल कड्याची जाळी. जेट्टी पाण्यापासून चार-पाच मीटर उंच असते आणि ओहोटीला ती उंची आणखी वाढते. दोन किलोचा मासा दोरीनं वर ओढला तर गरी ओठातून फाटून सुटते किंवा दोरी जेट्टीच्या कडेवर घासून तुटते. जाळीचा दोर पूर्ण ओहोटीच्या पातळीपर्यंत पोचून वर दोन मीटर उरेल एवढा घ्या. याखेरीज लांब चोचीची पक्कड, डोक्याला लावायची बॅटरी, दोरी कापायची कात्री, पकड असलेले बूट, आणि दगडी बांधावर किंवा मुखाशी असाल तर लाइफ जॅकेट. जॅकेट पिशवीत ठेवण्यासाठी नाही, अंगात घालण्यासाठी.

गरी बांधण्याच्या तीन पद्धती

मुखाशी आणि वाळूच्या तळावर सरकत्या शिशाची बांधणी करा. मुख्य दोरीतून भोक असलेलं शिसं ओवा, त्याखाली एक मणी, मग स्विव्हल, म्हणजे दोन टोकांची फिरती कडी. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ४० ते ६० सेंटिमीटर लीडर आणि टोकाला गरी. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही.

खांबांच्या कडेला खालून वर बांधणी करा. शिसं अगदी तळाला, त्याच्या ३० ते ४० सेंटिमीटर वर तंगुसाची १५ सेंटिमीटरची आखूड फांदी आणि तिला गरी. गरी तळापासून वर लटकते, खेकडे कमी खातात आणि दोरी सरळ उभी राहते. दगडांत गरवताना शिसं मुख्य दोरीला थेट बांधू नका. ३-४ किलोच्या कमकुवत तंगुसाच्या तुकड्यानं बांधा. शिसं अडकलं तर तेवढाच तुकडा तुटतो, गरी आणि लीडर परत येतात. दगडी बांधावर ही एक युक्ती खिसाही वाचवते आणि तळावर पडून राहणारी दोरीही.

तिसरी पद्धत सरकत्या फ्लोटची. आमिष पृष्ठभागाच्या दीड ते तीन मीटर खाली राहील असा दोऱ्याचा अडथळा बांधायचा आणि फ्लोट प्रवाहाबरोबर खांबांच्या ओळीजवळून सोडायचा. जिवंत कोळंबीसाठी याहून चांगलं काही नाही.

शिशाचं वजन पाण्यावर ठरतं. पाणी थांबलेलं असताना २० ते ३० ग्रॅम पुरतं, जोर वाढला की ८०-१०० ग्रॅम लागतं. आमिष हवं तिथे जेमतेम टिकवेल इतकंच वजन घ्या, आणि पाणी बदललं की वजन बदला. त्याच वजनावर दिवसभर बसणारे अर्धा वेळ चुकीच्या जागी गरवत असतात.

गाठ घट्ट करण्याआधी ती ओली करा. कोरडी गाठ घर्षणानं तापते आणि तंगूस तिथेच कमकुवत होतो. गरीला युनी गाठ, ब्रेडेड आणि लीडरच्या जोडाला डबल युनी, एवढ्या दोन गाठी डोळे मिटून बांधता आल्या तरी सुरुवातीला पुरतं.

गरी शक्यतो टोक आत वळलेली, म्हणजे सर्कल हुक घ्या. ती गळ्यात न अडकता ओठाच्या कोपऱ्यात बसते, त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. मात्र तिला झटका द्यायचा नाही. दोरी ताठ होऊ द्या, मग सावकाश रील फिरवा. झटका दिलात तर ती तोंडातून तशीच बाहेर येते.

आमिष आणि ते कसं न्यायचं

आमिषात ताजेपणा पहिला. त्याच खाडीतली कोळंबी, बोयीची पिल्लं, माकुलाचे लांबट तुकडे ही भरवशाची आमिषं. जिवंत कोळंबी शेपटीच्या शेवटच्या पेरातून ओवा, किंवा डोक्यावरच्या शिंगाखालून, आतला काळपट भाग टाळून. तो टोचला तर ती लगेच मरते. जिवंत बोय प्रवाहात वापरायची तर दोन्ही ओठांतून ओवा, म्हणजे ती पाण्याला तोंड देऊन नीट पोहते. माकुलाचा तुकडा एकाच टोकाला ओवा. गुंडाळून गोळा केला तर तो गरगर फिरतो आणि लीडरला पीळ बसतो.

जेट्टीवर सरळ खाली सोडा. शिसं तळाला टेकलं की दोरी ताठ करा आणि बोट दोरीवर ठेवा. एका खांबाला १५ ते २० मिनिटं दिलीत आणि काही झालं नाही तर पुढच्या खांबाला जा. चालत राहणारा माणूस टोकाला बसून राहणाऱ्यापेक्षा जास्त पाणी तपासतो.

मुखाशी प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरकं फेका. हलकं शिसं तळाला टेकत-उचलत प्रवाहाबरोबर कमान करत खाली येऊ द्या आणि ढिली दोरी गोळा करत राहा. खूपदा मासा या कमानीच्या शेवटी, आमिष जोराच्या पाण्यातून संथ पाण्यात शिरताना घेतो. तिथे पोचलं की लगेच ओढू नका, अर्धं मिनिट तसंच राहू द्या. रबरी मासा वापरत असाल तर १० ते २० ग्रॅमचं शिसाचं डोकं लावा आणि तो प्रवाहाबरोबर आणा. बारकी मासळी जोराच्या प्रवाहाविरुद्ध फार पोहत नाही, त्यामुळे उलट्या दिशेनं वेगात येणारा मासा शिकाऱ्याला खोटा वाटतो.

मासा लागल्यावर

खांबांत आणि दगडांत पहिली काही सेकंदं निर्णायक असतात. तांबोशी, हेकरू आमिष घेतल्याबरोबर बिळाकडे वळतात. रॉड डोक्यावर उभा धरण्यापेक्षा बाजूला खाली धरून माशाचं तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवा. मासा दगडात शिरलाच तर ओढाताण करू नका. दोरी पूर्ण ढिली सोडून दोन-तीन मिनिटं थांबा, अनेकदा तो स्वतःहून बाहेर येतो. मोकळ्या पाण्यात आला की घाई नको. त्याला धावू द्या, थांबला की दोरी घ्या.

वर घेताना जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा. दमलेला मासा पृष्ठभागावर आणून डोक्याकडून जाळीवर न्या आणि दुसऱ्यानं जाळी सरळ वर ओढावी. जाळीनं माशामागे धावायचं नाही, मासा जाळीवर आणायचा. एकटे असाल तर रील उघडं ठेवून रॉड सुरक्षित टेकवा, मग दोन्ही हातांनी जाळीचा दोर ओढा. दगडी बांधावर येणाऱ्या लाटेबरोबर मासा कोरड्या दगडापर्यंत सरकवा. त्याला उचलायला खालच्या ओल्या दगडांवर उतरायचं नाही, मासा कितीही मोठा असो.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे विषारी असतात. त्याला हातानं न धरता पकडीनं गरी काढा. काटा टोचला तर जखम धुवून ती सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नाही, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. उष्णतेनं वेदना कमी होते. पाणी किती गरम आहे ते न टोचलेल्या हातानं आधी तपासा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, म्हणून नंतर डॉक्टरांना दाखवाच. फुगणारा केंड मासा मिळाला तर खाण्याचा विचारही करू नका. त्यातलं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही.

सोडायचा मासा ओल्या हातांनी धरा आणि जाळीतूनच खाली पोचवा. चार मीटरवरून पाण्यावर आदळलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी वाचेलच असं नाही. ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर ठोसा देऊन मारा, कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ व समुद्राचं पाणी मिसळून त्यात बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवण्यापेक्षा तो लवकर आणि सगळीकडून सारखा गार होतो.

जीव सांभाळून

दगडी बांधावर चढण्याआधी वीस मिनिटं मागे उभं राहून लाटा पाहा. मोठ्या लाटा गटानं येतात. दोन गटांमध्ये बराच वेळ समुद्र शांत दिसतो आणि त्याच शांत वेळात माणूस पुढे सरकतो. जो दगड ओला आहे, तिथपर्यंत लाट येऊन गेली आहे. काळपट-हिरव्या शेवाळावर पाय नको, समुद्राकडे पाठ नको.

खाडीच्या मुखाचा धोका ओहोटीला जास्त. आतून जोरात बाहेर येणारं पाणी समोरून येणाऱ्या लाटांना भिडतं तेव्हा लाटा आखूड आणि उभ्या होऊन फुटतात, शिवाय पाण्यात पडलेला माणूस थेट बाहेर खेचला जातो. मांडीपर्यंतच्या पाण्यातही मुखाशी उतरू नका. पडलातच तर प्रवाहाविरुद्ध हातपाय मारून दमू नका. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करून मदत मागा आणि ओढ मंदावली की तिरकं पोहत कड गाठा. काठावरच्यानं पाण्यात उडी न घेता दोर किंवा तरंगणारं काहीतरी फेकावं. जाळीचा दोर इथेही कामी येतो.

कार्बनचा रॉड वीज वाहतो. विजेच्या तारांखाली तो उभा करू नका आणि ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून जेट्टी सोडा. फेकण्याआधी प्रत्येक वेळी मागे वळून पाहा. बोटी लागण्याच्या वेळेला धक्क्याची ती बाजू मोकळी ठेवा, आणि शेजाऱ्याची दोरी प्रवाहात कुठे जाते ते पाहून तुमची टाका. जेट्टीवर गरवायला परवानगी आहे का, कोणत्या माशाला बंदी किंवा किमान लांबी आहे, हे आधी विचारून घ्या. तुटलेली दोरी पाण्यात सोडू नका, तिच्यात पक्षी आणि कासवं अडकून मरतात.

परतल्यावर

त्याच दिवशी रॉडच्या कड्या आणि रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं मीठ रीलच्या आत ढकललं जातं. धुताना ड्रॅग घट्ट ठेवा म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही, आणि सुकल्यावर पूर्ण ढिला करा, नाहीतर वॉशर दबून राहतात आणि पुढच्या वेळी दोरी झटक्या-झटक्यानं सुटते. ब्रेडेड दोरीचे शेवटचे दोन मीटर कापून टाका, दगडांवर घासलेला भाग तोच असतो. वापरलेल्या गऱ्या डब्यात कोरड्या गऱ्यांबरोबर ठेवू नका, एक ओली गरी बाकी सगळ्यांना गंज लावते.